अक्षरं मोठी करा, नाहीतर बोलती करा!

“आता डोळे साथ देत नाहीत हो.” महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचनालयाच्या काउंटरवर हे वाक्य ऐकायला मिळतं. पाठोपाठ सभासद आपलं कार्ड पुढे सरकवतो, अनामत परत घेतो, रजिस्टरात सही करतो आणि जिना उतरून निघून जातो. तीस-चाळीस वर्षांचा वाचक असा एका सहीत संपतो. ग्रंथपाल हळहळतो. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. मुलगा टीव्हीचा आवाज वाढवून देतो. दिवाळी अंक घरात येतो तेव्हा आजोबा मुखपृष्ठ न्याहाळतात, चार पानं उलटतात आणि अंक नातवाच्या हातात देतात. नातू तो टीपॉयवर ठेवतो.

ही हळहळ आता पुरे. डोळे थकले की वाचन संपलं, हा नियम छापील कागदाचा होता. कागदावर अक्षर एकदा उमटलं की ते तेवढंच राहतं, जमवून वाचणाऱ्यानं घ्यायचं. ई-रीडर आला आणि अक्षरानं वाचणाऱ्याशी जमवून घ्यायला सुरुवात केली. पहिला किंडल २००७ साली बाजारात आला, त्यावर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरात आली. म्हणजे ही काही उद्याची गोष्ट नव्हे, कालची आहे. तरीही आपल्या घराघरांत वाचणारी माणसं वाचन सोडून बसली आहेत आणि आपण त्यांच्या वयाला बोल लावतो आहोत.

ही माणसं मूठभर आहेत असं कुणाला वाटत असेल, तर २०११ची जनगणना उघडून पाहावी. त्या वर्षी महाराष्ट्रात साठी ओलांडलेले एक कोटीहून अधिक होते. दिव्यांग म्हणून नोंद झालेले होते सुमारे २९ लाख ६३ हजार, आणि त्यांपैकी दृष्टिबाधित पावणेसहा लाखांच्या घरात. ही नोंदही जुन्या, आखूड यादीनुसार झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रकार २१ केले. कंपवात त्यात आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला, अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात अशा मुलांची अध्ययन-अक्षमताही आली. पुस्तक हातात धरता न येणं, पान उलटता न येणं, ओळ धरून ठेवता न येणं, हे सगळं न वाचता येण्यातच जमा आहे. ग्रंथव्यवहार यांना गिऱ्हाईक समजत नाही आणि समाजसेवा यांना वाचक समजत नाही, अशा कात्रीत हे लोक सापडले आहेत.

आता त्या यंत्राबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण ‘स्क्रीननं डोळे बिघडतात’ एवढं एकच वाक्य म्हणून आपण विषय मिटवतो. ई-रीडरचा पडदा मोबाइलसारखा नसतो. त्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि कुप्यांत काळे-पांढरे विद्युतभारित कण. विजेच्या इशाऱ्यावर काळे कण वर आले की अक्षर उमटतं आणि तसंच बसून राहतं, पुढचं पान उलटेपर्यंत त्याला वीज लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केलं की ते कित्येक दिवस चालतं. दिसतं ते कागदासारखं, पडलेल्या उजेडात. गॅलरीतल्या भर उन्हातही अक्षर पुसट होत नाही. रात्री वाचायचं तर पानावरून उजेड फिरवणारे दिवे कडेला असतात, उजेड थेट डोळ्यांत घुसत नाही. वजन साधारण दोनशे ग्रॅम. आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी छातीवर पेलत आडवं पडून वाचायची, म्हणजे संधिवाताच्या बोटांना शिक्षाच. इथे आठशे पानांचं आणि ऐंशी पानांचं वजन सारखंच.

पण खरी करामत अक्षराच्या आकाराची आहे. देवनागरी ही बारीक टाइपात फार छळणारी लिपी. अनुस्वाराचा ठिपका, रफार, पायमोडकी अक्षरं, एकावर एक रचलेली जोडाक्षरं. चष्म्याचा नंबर वाढला की आधी याच गोष्टी हरवतात आणि सगळी ओळच अंदाजानं वाचावी लागते. ई-रीडरवर अक्षर दुप्पट करा, चौपट करा, ओळी नव्यानं रचल्या जातात. पानावर सहाच ओळी मावल्या तरी बिघडत नाही, पानं काही मोजून दिलेली नाहीत. ओळींमधलं अंतर वाढवा. उजेड बोचत असेल तर अनेक यंत्रांवर काळ्या पानावर पांढरी अक्षरं घेता येतात. अर्धांगवायूनं एक हात गेला असेल तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पान उलटतं. यंत्र स्टँडवर ठेवून छोट्या रिमोटनं पान उलटण्याचीही सोय निघाली आहे. आणि शेजारी बसलेल्याला कळतही नाही की तुम्ही केवढं अक्षर लावून वाचताय. म्हातारपणी ही छोटी अब्रू फार मोलाची असते.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी हीच फाइल बोलते. मोबाइलमधला टॉकबॅक किंवा संगणकावरचा फुकट मिळणारा एनव्हीडीए, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या या दोन्ही स्क्रीन रीडरांकडून मराठी मजकूर मराठी आवाजात ऐकता येतो. आवाज यंत्राचा आहे हे खरं. ‘चंद्र’ आणि ‘चूल’ यांतले दोन निराळे ‘च’ त्याला नीट उमगत नाहीत आणि कवितेची तर तो पार वाट लावतो. ज्यांना माणसाचा आवाज हवा त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं आहेत. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आलं ते पहिल्या दिवसापासून मराठीला सोबत घेऊनच. मात्र ध्वनिमुद्रण निवडक पुस्तकांचंच होणार. यंत्राचा ओबडधोबड आवाज निवड करत नाही. जे समोर ठेवाल ते वाचतो.

आणि इथेच स्वातंत्र्याचा मुद्दा येतो. आपल्याकडे अंध माणसाला वाचून दाखवण्याची मोठी आणि प्रामाणिक परंपरा आहे. रविवारी वेळ काढून जाणारे रीडर आहेत, परीक्षेला बसणारे लेखनिक आहेत, कॅसेटवर पुस्तकं बोलून देणारे आवाज होते. त्यांना नमस्कार. तरी एक विचारावंसं वाटतं: वाचायचं काय, हे ठरवायचं कुणी? वाचून दाखवणाऱ्याच्या सवडीनं आणि वाचून दाखवणाऱ्याच्या आवडीनं. अंध मुलापर्यंत थोरांची चरित्रं पोचतात, संतवचनं पोचतात, अभ्यासाच्या नोट्स पोचतात. त्याला बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ ऐकायचा असेल तर? एखादी चावट कादंबरी हवी असेल तर? शिव्यांनी भरलेलं दलित आत्मकथन रात्री दोन वाजता एकट्यानं वाचायचं असेल तर? डोळसांना टुकार वाचण्याचा हक्क जन्मजात असतो. अंधांनी मात्र उद्बोधकच वाचावं ही आपली अपेक्षा. यंत्रानं ती मोडीत काढली, याचा मला मनापासून आनंद आहे.

ब्रेलचं काय, असं विचाराल. ब्रेल हवीच. लिहिणं, शुद्धलेखन, गणित, स्वतःच्या बोटांनी शब्द ओळखणं हे ऐकून येत नाही. मराठीत २००८पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरातांनी चालवून दाखवलं आहे. पण ब्रेलमध्ये एका कादंबरीचे जाडजूड खंड होतात, आणि पासष्टाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेलेल्या शिक्षिकेची बोटं नवी लिपी सहसा धरत नाहीत. शिवाय नीट तयार केलेली ई-फाइल ब्रेलच्या विरोधात जात नाही. तीच फाइल ठिपके वर-खाली करणाऱ्या ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचता येते.

हे सगळं कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. २००९ साली किंडलची दुसरी आवृत्ती आली ती मोठ्यानं वाचणारी होती. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं, ऑथर्स गिल्डनं, हरकत घेतली: ध्वनीचे हक्क वेगळे विकले जातात, यंत्रानं फुकट कसं वाचावं? कंपनी नमली आणि ज्या प्रकाशकाला हवं त्यानं आपलं पुस्तक मुकं करावं अशी मुभा तिनं दिली. तेव्हा अंध वाचक, वाचनाक्षम मुलांचे पालक आणि दिव्यांगांच्या संघटना एकत्र आल्या आणि एप्रिल २००९मध्ये न्यूयॉर्कला त्या गिल्डच्या कार्यालयाबाहेर पांढऱ्या काठ्या घेऊन उभ्या राहिल्या. आम्ही पैसे देऊन पुस्तक घेतो, आम्हाला ते वाचू द्या, एवढंच त्यांचं मागणं. त्याच वर्षी ॲरिझोना स्टेट विद्यापीठानं विद्यार्थ्यांना किंडल द्यायचं ठरवलं. पुस्तक बोलत होतं, पण यंत्राचा मेनू बोलत नव्हता. अंध विद्यार्थ्यानं पुस्तक उघडायचं कसं? अंधांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २०१०च्या जानेवारीत तडजोड झाली. पुढे त्याच वर्षी किंडलचा मेनूही बोलू लागला.

आपल्याकडचा लढा याहून कमी नव्हता, फक्त तो आपल्याला कुणी सांगितला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्तीचा जो मसुदा आला त्यात सवलत होती ती ब्रेलसारख्या खास स्वरूपापुरती. म्हणजे ज्याला ब्रेल येत नाही, ज्याला हात नाहीत, ज्याला डिस्लेक्सिया आहे, त्यानं काय करायचं? ‘राइट टू रीड’ मोहिमेनं हा प्रश्न लावून धरला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र त्यात आघाडीवर होतं. संसदीय समितीला म्हणणं पटलं. २०१२च्या जूनमध्ये दुरुस्ती लागू झाली आणि कायद्यात शब्द आले: कोणतंही सुगम स्वरूप. पुढच्याच वर्षी मोरोक्कोतल्या माराकेशला जगातल्या देशांनी याच विषयावर करार केला, आणि २०१४मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश होता भारत. त्या करारात आंधळेपणाइतकीच जागा शारीरिक अक्षमतेमुळे पुस्तक धरता न येणाऱ्याला किंवा हाताळता न येणाऱ्याला आहे. थरथरत्या हाताचे तुमचे काका त्या करारात बसतात! २०१६मध्ये केंद्र सरकारनं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असा निर्वाळा दिला.

यंत्र आलं, कायदा आला, करार झाला. मग अडलंय कुठे?

अडलंय मराठी फाइलीत. हे नीट समजून घ्या, कारण दुखणं इथे आहे आणि ते परक्यानं आणलेलं नाही. आपल्याकडे संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा प्रत्येक कंपनीनं आपापला फॉन्ट आणि आपापला संकेत काढला. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘आई’ दिसलं तरी संगणकाच्या पोटात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर दिसणारं वाचत नाही, पोटातलं वाचतो, म्हणून आईच्या जागी निरर्थक बडबड ऐकू येते. युनिकोड या सगळ्यांसाठीच्या सामाईक संकेतात देवनागरीला जागा १९९१ सालीच मिळाली होती. तरी आजही कितीतरी डीटीपी ऑपरेटर जुन्याच फॉन्टमध्ये जुळणी करतात, कारण ‘प्रेसला तसंच लागतं’. छापील पुस्तक देखणं निघतं. त्याच फाइलीतून ई-बुक काढायचं म्हटलं की सगळा कारभार उघडा पडतो.

दुसरं पाप स्कॅनचं. जुनी, दुर्मिळ पुस्तकं पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवली की आपण पाठ थोपटून घेतो. सरकारी प्रकाशनांपासून हौशी संग्राहकांपर्यंत सगळे. पण ते मजकुराचे फोटो असतात. फोटोतलं अक्षर मोठं करायचं तर पान ताणावं लागतं आणि प्रत्येक ओळ वाचायला पडदा डावीउजवीकडे ढकलत बसावं लागतं. चार ओळींत आजी कंटाळते. स्क्रीन रीडरला तर तिथे काहीच सापडत नाही, कोरं पान! चित्रातलं अक्षर ओळखणारी ओसीआर यंत्रणा मराठीसाठी उपलब्ध आहे, चांगल्या छपाईचं पान ती बऱ्यापैकी उचलते. राहिलेल्या चुका दुरुस्त करायला माणसं लागतात. मराठी विकिस्रोतावर काही मंडळी गुपचूप हेच काम करत बसलेली असतात. साने गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणून त्यांचं साहित्य आज सर्वांचं आहे. असं साहित्य युनिकोडमध्ये आलं की ई-रीडरवर घ्या, मोठं करा, ऐका, कुणी अडवत नाही.

प्रकाशकमित्रांनो, तुमची भीती मला ठाऊक आहे. ई-बुक काढलं की चोरी होईल. पण चोरी आज होतेच आहे! तुमच्या नव्या पुस्तकाची पानं मोबाइलनं टिपून व्हॉट्सॲपवर फिरतात. डोळे धड असलेला चोर ती आरामात वाचतो. जो पैसे देऊन वाचायला तयार आहे त्या अंध वाचकाला मात्र त्या फोटोंचा काही उपयोग नाही आणि तुमच्याकडे त्याला विकायला काही नाही. या व्यवहारात राखण झाली ती कशाची? युरोपात जून २०२५पासून ई-बुक आणि ई-रीडर सर्वांना वापरता येतील असेच असले पाहिजेत, असा कायदाच लागू झाला आहे. तुमच्यावर आज तशी सक्ती नसेल, पण लेखक करार करतानाच अट घालू शकतो: माझं पुस्तक युनिकोडमध्ये आणि ईपब या ई-बुकच्या स्वरूपातही निघेल, आणि त्याला बोलण्यापासून कुणी अडवणार नाही. लेखकांनो, ही एक ओळ करारात लिहून घ्यायला तुम्हाला कोण रोखतंय? वाचक मिळत नाहीत म्हणून संमेलनांतून रडण्यापेक्षा हे सोपं आहे.

आणि ग्रंथालयं! राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंत, शतक ओलांडलेली आणि दोन खोल्यांत चाललेलीही. २०१२च्या त्या दुरुस्तीत दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम प्रत तयार करण्याची मुभा कुणाकुणाला आहे हे सांगताना सरकारमान्य ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या गावच्या ग्रंथालयाला तो हक्क आजच आहे. सभासद दिव्यांग असेल आणि त्याला हव्या असलेल्या पुस्तकाची सुगम प्रत मिळत नसेल, तर ग्रंथालय ती स्वतः स्कॅन करून, शुद्ध करून त्याला देऊ शकतं. फक्त नफा घ्यायचा नाही आणि ती प्रत बाजारात जाऊ द्यायची नाही. किती कार्यकारिणींना हे माहीत आहे? व्याख्यानमालेच्या हारतुऱ्यांचा खर्च मंजूर होतो, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते. चार ई-रीडर घेऊन ते पुस्तकांसारखे घरपोच फिरवायचे म्हटलं की तरतूद नाही. जिन्याला उतार बांधला की फक्त चाकाची खुर्ची वर जात नाही, गुडघेदुखीवाला, बाबागाडीवाली आणि सामान वाहणारा हमालही त्याच वाटेनं जातो. मोठ्या अक्षराचं तसंच आहे. चाळिशी लागलेल्या अध्यक्षांनाही ते आवडेल.

घरच्यांनाही दोन शब्द. “या वयात त्यांना जमणार नाही” हे वाक्य बंद करा. ज्या आजीनं स्टोव्हपासून इंडक्शनपर्यंतचा प्रवास केला, जी व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलं पाठवते, तिला पान उलटायला जमेल. तुम्हाला शिकवायला वेळ नाही असं सांगा, ते खरं तरी असेल. सुरुवातीलाच महागडं यंत्र आणायची गरज नाही. घरातल्या फोनवर किंवा टॅबवर एखादं ईपब पुस्तक उतरवून अक्षर मोठं करून दाखवा, आवडलं तर मग ई-रीडर घ्या. घेताना दुकानात दोनच गोष्टी तपासा: मराठी अक्षर पुरेसं मोठं होतं का, आणि ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी ते मराठी वाचून दाखवतं का. दुसरं उत्तर अनेकदा नाही असंच येईल, तेव्हा ऐकण्यासाठी फोन आणि बघून वाचण्यासाठी ई-रीडर अशी विभागणी करा. आणि पहिलं पुस्तक तुमच्या आवडीचं भरू नका. त्यांना विचारा.

कागदाच्या वासाचा विषय निघेलच. नव्या पुस्तकाचा वास मलाही आवडतो. पण ज्याला अक्षर दिसत नाही त्याला वासावर किती दिवस ठेवणार?

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी वाचन सोडलंय, किंवा दिसत नाही, हात चालत नाही म्हणून ज्यांना ते सोडावं लागलंय, त्यांना शेवटचं सांगतो. दया मागू नका, मागणी करा. आवडत्या लेखकाला पत्र लिहा की तुमचं पुस्तक मला वाचता येत नाही. प्रकाशकाला फोन करून ई-बुक आहे का विचारा. एका पुस्तकासाठी पन्नास फोन गेले की प्रकाशकालाही ऐकू जातं. दृष्टिबाधित असाल तर सुगम्य पुस्तकालयाचे सभासद व्हा आणि तिथे मराठी पुस्तकं कमी वाटली तर तीच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदवा. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली. त्या अभिजात भाषेतलं पुस्तक तिच्याच माणसांना बंद असेल, तर तो दर्जा भिंतीवरच्या चौकटीत राहील.

१५ ऑक्टोबरला महाराष्ट्र वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्याच तारखेला जगभर पांढऱ्या काठीचा दिवस पाळला जातो. आपल्याकडे हे दोन कार्यक्रम दोन वेगळ्या सभागृहांत होतात, दोन वेगळे अध्यक्ष येतात आणि एकमेकांची गाठ पडत नाही. यंदा ते एकाच सभागृहात घ्या. ज्या सभासदांनी डोळ्यांचं कारण सांगून कार्ड परत केलं, त्यांची नावं ग्रंथालयाच्या जुन्या रजिस्टरात आहेत. त्यांना घरी जाऊन बोलावून आणा, हातात ई-रीडर द्या, कानाला फोन लावा. त्याआधी कार्यकारिणीची एक बैठक होईलच. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिल्या क्रमांकावर लावून घ्या.